परदेशगमन आणि घरची कागदांची पेटी

पूर्वीं आपल्या घरांतून कोणी विलायतेस जावयास निघाला म्हणजे पहिला प्रश्न उभा राही तो समुद्रोल्लंघनाचा. परत आल्यावर प्रायश्चित्त कोणतें द्यावें, पंक्तीस घ्यावें कीं नाहीं, यावर वडील मंडळींच्या वादांत रात्रीच्या रात्री जात. तो वाद आतां इतिहासजमा झाला. आज चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोली येथील कितीतरी घरांतून मुलगा, मुलगी, सून, जांवई परदेशीं राहावयास जातात, आणि आपण त्यांच्या हातावर दहीं घालून त्यांना आनंदानें निरोप देतों. शास्त्रीबोवांची जागा मात्र रिकामी राहिलेली नाहीं. त्या जागीं आतां कचेरींतील कारकून बसला आहे, आणि त्याचा प्रश्न एकच असतो : "या कागदावरची व्यक्ति आणि त्या कागदावरची व्यक्ति एकच, हें कशावरून?"

या प्रश्नाचें उत्तर देण्याची तयारी जाणाऱ्या तरुणानें एकट्यानें करावयाची, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे, असें मला अनुभवानें वाटूं लागलें आहे. तरुण पिढीचे कागद बहुधा नीट असतात, आणि संगणकावर अर्ज भरण्यांतही ती मंडळी आपल्याहून वाकबगार असतात. अडतें तें घरांत मागें राहणाऱ्यांचें, आणि त्यांतही विशेषतः घरांतील स्त्रियांचें. म्हणून या महिन्यांत स्वयंपाकघर आणि बैठक सोडून आपण माळ्यावरच्या कागदांच्या पेटीकडे वळूं.

माझी एक पुतणी लग्नानंतर कॅनडांत राहते. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत तिचा फोन आला. तिला पांचवा महिना लागला होता. मार्गशीर्षांत बाळंतपण व्हावयाचें होतें, आणि त्या वेळीं आईनें जवळ असावें अशी तिची इच्छा होती. तिला माहेरीं येणें शक्य नव्हतें. तेव्हां माहेरानेंच तिच्याकडे जावें असें ठरलें. त्याच रात्रीं मी थोरल्या वहिनींसमोर पासपोर्टचा अर्ज घेऊन बसलों. पहिला रकाना नांवाचा. मीं विचारलें, "वहिनी, नांव?" पन्नास वर्षें या घरांत वावरलेल्या वहिनी क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, कोणतें सांगूं?"

मला हसूं आलें. पण पेटी उघडल्यावर तें मावळलें. वहिनींच्या शाळेच्या दाखल्याची एक जीर्ण नक्कल निघाली. तिच्यावर त्यांचें माहेरचें नांव होतें, एका नदीचें. १९७४ सालीं लग्नांत ताटांतल्या तांदुळांवर अंगठीनें जें नांव लिहिलें गेलें तें एका देवीचें. आधारपत्रावर तें होतें. बँकेच्या पुस्तकांत त्याच नांवापुढें 'बाई' जोडलेलें होतें. शिधापत्रिकेवर घरांतलें हांक मारण्याचें नांव होतें. आणि शिधापत्रिकेचा तो अर्ज कॉलेजांत असतांना मींच घाईघाईनें भरला होता. दाखल्यावर जन्मतारीख १ जुलै, आधारपत्रावर नुसतें सालच, आणि तेंही एका वर्षानें निराळें. कागदोपत्रीं आमच्या घरीं चार स्त्रिया राहात होत्या. चौघींचा स्वयंपाक मात्र एकट्या वहिनी करीत होत्या.

यांत खोटें कोणीच लिहिलें नव्हतें. ज्याला जसें सुचलें तसें त्यानें त्या त्या वेळीं लिहिलें, आणि ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांना कोणी विचारलें नाहीं. चूक कोणत्याही कचेरीची नव्हती. ती आमच्या घरांतील पुरुषांची होती, आणि तींत माझा वांटा मोठा होता.

शाळेच्या दाखल्याची मूळ प्रत काढावयाची म्हणजे सिरोंचाकडे जाणें आलें. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारें दोनशें किलोमीटर. आलापल्लीवरून रानांतून जाणारा रस्ता. भाद्रपद संपेपर्यंत पाऊस होता. याच दिवसांत भामरागडला पर्लकोटा नदीचें पाणी पुलावर चढतें आणि गांवाचा संबंध तुटतो, हें आपल्याकडील वाचकांना सांगावयास नकोच. शाळेंत दाखल-खारीज रजिस्टर व्यवस्थित ठेवलेलें होतें. मुख्याध्यापकांनीं तासाभरांत नोंद काढून दिली. जाण्यायेण्यांत मात्र माझे तीन दिवस गेले. मग लग्नाच्या नोंदणीचा प्रश्न आला. लग्न लावणारे गुरुजी केव्हांच निवर्तले होते. त्या वेळच्या जाणत्या मंडळींपैकीं वहिनींचे एक मामा तेवढे उरले होते. जुनी लग्नपत्रिका, एक छायाचित्र, प्रतिज्ञापत्रें आणि ते मामा एवढ्यावर नोंदणी झाली. जुन्या व नव्या नांवाचा बदल शासनाच्या राजपत्रांत प्रसिद्ध झाला. त्यानंतर आधारपत्र दुरुस्त झालें. त्यानंतर नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाची वेळ मिळाली. त्यानंतर पोलीस चौकशी. आणि मग कोठें व्हिसाचा अर्ज.

एवढ्यांत मार्गशीर्ष येऊन गेला. पुतणीच्या शेजारीं एक तेलुगु कुटुंब राहते. त्या बाईंनीं तिला रुग्णालयांत नेलें आणि घरीं आणल्यावर गरम भातही त्यांनींच वाढला. वहिनी गोदावरीकांठच्या; लहानपणापासून त्यांना तेलुगु येतें. बाळंतिणीला काय द्यावें, काय देऊं नये, हें त्या चंद्रपुराहून फोनवर शेजारणीला तेलुगूंत सांगत असत. फोन ठेवल्यावर त्या कोणाशीं फारसें बोलत नसत. बाळंतपणाला जावयाच्या त्या, उष्टावणाला पोहोंचल्या.

हा प्रसंग मीं इतक्या विस्तारानें सांगितला याचें कारण, तो टाळतां आला असता. पेटी पांच वर्षें आधीं उघडली असती तर सारें काम उन्हाळ्याच्या एका सुटींत झालें असतें. म्हणून आपापल्या घरची पेटी कशी लावावी याविषयीं आतां चार गोष्टी लिहितों. आपले संस्कार ज्या क्रमानें होतात त्याच क्रमानें पेटीचे कप्पे करावे : जन्म, विद्या, विवाह आणि मिळकत.

पहिला कप्पा जन्माचा. जन्ममृत्यूंच्या नोंदणीचा सध्यांचा कायदा १९६९ सालचा. महाराष्ट्रांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या नोंदी आपल्या जिल्ह्यांत 'कोतवाल बुकां'त सांपडतात. जुन्या मध्यप्रांतांत गांवचा कोतवाल जन्म आणि मृत्यु या वहींत नोंदवी, आणि तिची नक्कल तहसील कचेरीच्या जुन्या दप्तरांतून काढावी लागते. पुष्कळदां या नोंदींत मुलाचें नांवच नसतें. बापाचें नांव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढाच शब्द. कारण नोंद बारशाच्या आधीं झालेली असते. आजही तोच धोका आहे. रुग्णालयांतून नांवाशिवाय नोंद होते आणि घरची मंडळी पुढें तें काम विसरतात. कायद्याप्रमाणें मुलाचें नांव बारा महिन्यांच्या आंत विनाशुल्क आणि पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालतां येतें. ज्या घरांत लहान मुलें आहेत त्यांनीं दाखला आजच उघडून पाहावा. १ ऑक्टोबर २०२३ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठीं जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागतो. दुसरा कोणताही कागद चालत नाहीं. त्यांच्या आधीं जन्मलेल्यांना शाळेचा दाखला व इतर कांहीं पुरावे अजून चालतात.

तारखेविषयीं एक घरगुती सूचना. आपल्याकडे वार बदलतो तो सूर्योदयाला. सरकारी तारीख बदलते ती मध्यरात्रीं. पहांटे तीन वाजतां जन्मलेल्या मुलाची पत्रिका एक वार धरते आणि रुग्णालयाची नोंद दुसऱ्या वाराची तारीख देते. आजी मुलाला शाळेंत घालतांना पत्रिकेवरून तारीख सांगते, आणि जन्मभर एका दिवसाचा फरक त्या मुलाच्या मागें लागतो. दुसरा फरक गुरुजींनीं पाडलेला. प्रवेशाचें वय भरावें म्हणून एका पिढीच्या सगळ्या मुलांचे वाढदिवस १ जूनला किंवा १ जुलैला आणून ठेवले गेले. शाळा सोडल्यानंतर दाखल्यावरची जन्मतारीख बदलून घेणें फार दुर्घट आहे. तेव्हां वडील माणसांच्या बाबतींत शाळेची तारीख हीच खरी मानून बाकीचे कागद तिच्याशीं जुळवावे. आणि नातवंडांच्या बाबतींत पत्रिका देवघरांत ठेवून शाळेंत रुग्णालयाची तारीख सांगावी.

जन्मस्थानाचा घोटाळा तर आपल्या प्रदेशांतच अधिक. वहिनींचा जन्म १९५३ सालचा. तेव्हां त्यांचें खेडें मध्य प्रदेश राज्याच्या चांदा जिल्ह्यांत होतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तें मुंबई राज्यांत आलें आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. १९६४ च्या सुमारास चांद्याचें चंद्रपूर झालें. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला, आणि सासरीं आलेल्या वहिनींच्या मागें त्यांचें माहेरही जिल्हा सोडून गेलें. राजुऱ्याच्या वाचकांची कथा याहून लांब. तो तालुका हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. १९५६ सालीं तो नांदेड जिल्ह्यांत आणि १९५९ सालीं चांदा जिल्ह्यांत आला, आणि तेथील निजामी अमदानींतले सरकारी कागद उर्दूंत आहेत. ज्या आजोबांनीं आपला उंबरठा कधीं सोडला नाहीं, त्यांनींही कागदावर तीन जिल्हे पाहिले. परदेशांतील अधिकाऱ्याला हा इतिहास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. म्हणून या बदलांच्या तारखा एका कागदावर सुवाच्य लिहून पेटींत ठेवाव्या, आणि पासपोर्टवर जें जन्मस्थान छापलें जाईल तेंच पुढच्या प्रत्येक अर्जांत अक्षरशः लिहावें.

दुसरा कप्पा विद्येचा. येथें आपल्याकडील मुलांची एक नेहमींची चूक होते. गडचिरोलीचें गोंडवाना विद्यापीठ २०११ सालीं स्थापन झालें. त्यापूर्वीं चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतून जे पदवीधर झाले त्यांची पदवी १९२३ सालीं स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाची आहे, आणि गुणपत्रकांचा एकत्रित उतारा त्यांना तेथूनच मागावा लागतो. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांसाठीं नागपूरचें विभागीय मंडळ. परदेशांतील विद्यापीठें व परवाना देणाऱ्या संस्था हा उतारा बहुधा विद्यापीठाकडूनच सीलबंद किंवा थेट मागवितात. घरचें गुणपत्रक पाठवून भागत नाहीं. यास आठवडे लागतात, हें धरून चालावें.

मग येतो 'अपोस्टील' नांवाचा शिक्का. पूर्वीं एका देशाचा दाखला दुसऱ्या देशांत चालावा म्हणून वकिलातीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. तो त्रास वांचावा म्हणून हेग येथें ५ ऑक्टोबर १९६१ रोजीं एक करार झाला : करारांतल्या एका देशानें मारलेला शिक्का बाकीच्यांनीं मान्य करावा. भारतांत हा करार १४ जुलै २००५ पासून अमलांत आहे. आधीं राज्य शासनाच्या संबंधित खात्यानें कागद खरा असल्याचें सांगावयाचें आणि मग परराष्ट्र मंत्रालयानें शिक्का द्यावयाचा, असा साधारण क्रम असतो. मात्र सगळे देश या करारांत एकाच वेळीं आलेले नाहीत. कॅनडांत तो ११ जानेवारी २०२४ पासूनच लागू झाला. भारताच्या प्रवेशाच्या वेळीं जर्मनीनें हरकत नोंदविली होती. म्हणून ज्या देशीं जावयाचें तेथें शिक्का चालतो कीं वकिलातीची साक्षांकित प्रत लागते, हें आधीं विचारून घ्यावें. शेजारच्या मुलाचें कसें झालें यावर विसंबूं नये.

हा शिक्का मूळ कागदावरच, बहुधा त्याच्या पाठीवर लागतो. म्हणून मूळ प्रमाणपत्रें कांचेसारख्या कागदांत कायमचीं बंद करून, म्हणजे लॅमिनेशन करून, ठेवूं नयेत. आपल्या दमट, रानाशेजारच्या घरांतून वाळवीची धास्ती असते, म्हणून अनेक गृहिणी प्रेमानें तसें करतात, आणि पुढें तेंच अंगाशीं येतें. पत्र्याची पेटी, साधीं प्लास्टिकचीं पाकिटें आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरेसा आहे. पेटी भिंतीला टेकवून ठेवूं नये, आणि दर दसऱ्याला पुस्तकांबरोबर तीही उघडावी. आपल्याच रानांतल्या बांबूंचा कागद बल्लारपुरास होत आला. त्या कागदाची निगा आपल्याला ठाऊक असावयास हवी.

तिसरा कप्पा विवाहाचा, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा. १८८३ सालीं वैद्यकी शिकावयास अमेरिकेस गेलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी आपणां सर्वांना वंदनीय आहेत. त्यांचें माहेरचें नांव यमुना. 'आनंदी' हें नांव लग्नांत ठेवलेलें. इंग्रजींत आडनांव लिहितांना त्यांच्या नांवांत शेवटीं 'आय'च्या जागीं दोन 'ई' येत. त्यांचें यावांचून कांहीं अडलें नाहीं, कारण पासपोर्टाचा हिंदुस्थानांतला कायदाच मुळीं १९२० सालचा. आज तीच मुलगी निघाली असती, तर यमुना कोण, आनंदी कोण आणि हे दोन 'ई' कोठून आले, याचीं तीन प्रतिज्ञापत्रें तिला करावीं लागलीं असतीं.

लग्नानंतर मुलीनें नांव किंवा आडनांव बदललेंच पाहिजे असा कोणताही कायदा नाहीं. ही गोष्ट सुशिक्षित घरांतूनही पुरेशी माहीत नाहीं. अंगठीनें तांदुळांत नांव लिहिण्याचा सोहळा गोड आहे. तो ज्यांना करावयाचा त्यांनीं अवश्य करावा. परंतु तें नांव ताटापुरतें आणि उखाण्यापुरतें ठेवावें. तें कागदावर नेऊं नये. ज्या मुलीची पदवी एका नांवाची आहे, तिचा पासपोर्ट दुसऱ्या नांवाचा करणें म्हणजे तिच्या विद्येवर आपणच शंका निर्माण करणें होय. वडील मंडळींना यांत परंपरेचा अवमान वाटेल. मला स्वतःला वाटला होता. पण "कोणतें सांगूं?" हा प्रश्न ऐकल्यापासून तो वाटेनासा झाला.

ज्यांचीं नांवें बदललेलींच आहेत त्यांनीं मात्र अर्धवट राहूं नये. प्रथम विवाहाची नोंदणी करावी. महाराष्ट्राचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे, आणि जुन्या विवाहांचीही उशिरां नोंदणी करतां येते. पतिपत्नी या नात्यानें बरोबर जावयाचें तर परदेशीं हेंच प्रमाणपत्र मागतात. लग्नाचा आल्बम नव्हे. साक्षीदार हयात आहेत तोंवर हें काम उरकावें. त्यानंतर घरांत बसून ठरवावें कीं कोणतें नांव राहील, आणि बाकीचे सर्व कागद त्याच्यामागें न्यावे. येथें घाई करूं नये. आधारपत्रावरचें नांव सामान्यतः दोनदांच आणि जन्मतारीख एकदांच बदलतां येते. ती संधि चुकीच्या नांवावर खर्ची पडली तर पुढें फार जड जातें. आम्हीं वहिनींनाच विचारलें. त्या म्हणाल्या, "मुलीच्या दाखल्यावर आई म्हणून जें नांव आहे तें माझें." त्यांचा विचार आमच्या सगळ्यांच्या विचारापेक्षां व्यवहारी निघाला, कारण ही बाई या मुलीची आई आहे, हेंच तर व्हिसाच्या अधिकाऱ्याला पटवावयाचें होतें. १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर महाराष्ट्रांत जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नांवानंतर आधीं आईचें नांव आणि मग वडिलांचें असा क्रम शासनानें ठरविला आहे. तेव्हां आईचें नांव कोणतें, हा प्रश्न यापुढें प्रत्येक घरांत पहिल्या दिवशींच सुटलेला असावा.

चौथा कप्पा मिळकतीचा. मुलें जातात, शेत, घर आणि आईवडील येथेंच राहतात. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तरी आपल्याकडील अनेक घरांच्या धानाच्या बांध्या आजही आजोबांच्या नांवावर आहेत आणि वारस-नोंदीचा फेरफार तीन पिढ्या झालेला नाहीं. सगळे भाऊ एका गांवांत होते तोंवर तें चाललें. एक भाऊ परदेशीं गेला कीं त्याच्या एका सहीसाठीं काम वर्षभर थांबतें. म्हणून जाण्यापूर्वींच वारस-नोंद करून घ्यावी आणि विश्वासू माणसाच्या नांवें मुखत्यारपत्र येथेंच नोंदवून ठेवावें. तें परदेशांतून करून पाठविल्यास तेथील भारतीय वकिलातीची साक्ष किंवा अपोस्टील लागतें, आणि भारतांत पोहोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांकशुल्क भरावें लागतें, हें लक्षांत ठेवावें. मुखत्यारपत्रांत कोणकोणते अधिकार दिले तें स्पष्ट लिहावें. प्रेमापोटीं सर्वाधिकार देऊन पुढें भाऊबंदकी होऊं नये. परदेशीं वास्तव्य झालें कीं येथील साधें बचत खातें अनिवासी खात्यांत बदलून घेणें बंधनकारक आहे. बहुतेक मुलें तें विसरतात. वडिलांचें इच्छापत्र, आईचें नामनिर्देशन आणि विम्याचे कागद याच कप्प्यांत असावे, आणि ते कोठें आहेत हें घरांतल्या निदान दोन माणसांना, त्यांपैकीं एका स्त्रीला, माहीत असावें.

जाण्याचे कागद सगळे करतात. परत येण्याचे कोणी करीत नाहीं. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे तरुणपणीं देश सोडून गेले, गदर चळवळींत पडले आणि पुढें मेक्सिकोंत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नांवाजले. ब्रिटिश सरकारच्या यादींत नांव असल्यामुळें त्यांना दशकानुदशकें मायभूमीस पाय लावतां आला नाहीं. स्वातंत्र्यानंतर ते आले आणि १९६७ सालीं नागपुरास निवर्तले. आजच्या मुलांची गोष्ट इतकी कठोर नाहीं. परंतु मुदत संपलेला पासपोर्ट आणि चुकीच्या नांवाचा परवाना हेही आईच्या आजारपणांत मुलाला विमानतळावर अडवूं शकतात. म्हणून पेटींत एक वही ठेवावी, आणि घरांतल्या प्रत्येकाच्या पासपोर्टची व परदेशांतील परवान्याची मुदत केव्हां संपते तें तींत लिहावें. आपल्याकडे पंचांग रोज पाहण्याची संवय आहेच. त्याच्या शेजारीं ही वही टांगली तरी पुरे.

सर्व कामांना उन्हाळा बरा. पावसाळ्यांत आपले रस्ते भरवशाचे नसतात आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत घरांत सवड नसते. चैत्रांत पेटी उघडावी, वैशाखांत नकला काढाव्या, ज्येष्ठापर्यंत अर्ज जावे. कोणी परदेशीं जाणार असो वा नसो, हें करावें. कारण कोणाला केव्हां जावें लागेल हें आपल्याला ठाऊक नसतें. श्रावणांत फोन येईपर्यंत आम्हांलाही तें ठाऊक नव्हतें.

वहिनी सहा महिने राहून परत आल्या. नातीचें नांव तिच्या आईनें त्याच नदीचें ठेवलें आहे, शाळेच्या जीर्ण दाखल्यावर होतें तें. त्या नांवाचे इंग्रजी हिज्जे मात्र नोंद करण्यापूर्वीं चंद्रपूर व कॅनडा यांमध्यें तीन वेळां फोन होऊन ठरले, आणि तिन्ही वेळां ते वहिनींनींच सांगितले.